बोईटाचं पाणी

५ जानेवारी २००१, शुक्रवार

हॉटेलने यंदा स्टाफला डायऱ्या वाटल्या. जसिंता म्हणाली, "फेकू नकोस, हिच्यात लिही. राग आला की तू मलाच ऐकवत बसतोस. माझ्यात आता ऐकायची ताकद नाही." बायकोची आज्ञा! पहिल्या पानावरची जागा भरली: आल्बर्ट, मूळ गाव वसईकडे, मुक्काम वादी अदाई, मस्कत. धंदा: अठरा वर्षं परक्यांच्या चादरी धुणे. लॉंड्री सुपरवायजर म्हटलं की ऐकायला बरं वाटतं, एवढंच.

ऑगस्टात जसिंताच्या पोटाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिची इंजेक्शनं चालू आहेत. रोगाचं नाव घरात कोणी घेत नाही, मीही इथे लिहिणार नाही. आज मिस्साला गेलो. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चमधला रविवारचा मिस्साही शुक्रवारी असतो, देवाने चालवून घेतलंय. ती अर्धा वेळ बसूनच होती. घरी येऊन दोन चमचे पेज प्यायली आणि तीही उलटून पडली.

९ जानेवारी

देवा बापा, तुझे उपकार!

आज डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. सुदानी माणूस, भला आहे. "खलास, मिस्टर आल्बर्ट. नो मोअर इंजेक्शन. टेक हर होम. जे खावंसं वाटेल ते खाऊ दे."

खलास! अठरा वर्षं हा शब्द मी दिवसाला शंभरदा ऐकतोय. चादरी धुऊन झाल्या, खलास. गाडी दुरुस्त झाली, खलास. इतका गोड तो आजच लागला. मी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. ते बिचारे गोंधळले आणि जसिंताकडे बघायला लागले. ती म्हणाली, "मी समजावते त्यांना." कसलं समजावते? मला काय अरबी येत नाही?

गाडीत ती म्हणाली, "अँजेलाचा शेवटचा पेपर कधी रे?"

"मार्चच्या शेवटी. का गो?"

"काही नाही. दहावीचं वर्ष आहे पोरीचं."

येताना हलवा घेतला आणि बिल्डिंगभर वाटला. खालच्या मजल्यावरच्या खतिजाबाई रत्नागिरीच्या. मी कामावर असतो तेव्हा त्याच जसिंताकडे बघतात. त्यांना म्हटलं, "भाबी, इंजेक्शनं बंद! डॉक्टर खलास बोलले." हलव्याची बशी हातात घेऊन त्या ढसाढसा रडल्या. सख्खी बहीणही रडली नसती इतकी.

११ जानेवारी

जे खावंसं वाटेल ते, असं डॉक्टर म्हणालेत. कालपासून मी जसिंताच्या मागे लागलोय. कोंबडी आणू? सुरमई आणू? आज शेवटी म्हणाली, "बोईट."

मी उठलोच. मत्रहच्या बाजारात ढीग असतात.

"बाजारातलं नको. त्याला बर्फाचा वास येतो. खाडीतलं, जिवंत धरलेलं. तू धरून आण."

बोईट आणि गळाला? आमच्याकडे बोईट पागाने धरतात. जाळं फेकलं की झालं. ते शेवाळ चाटणारं जनावर, गळाला तोंड लावत नाही. इथे परदेशी माणसाने जाळं टाकलं तर पोलीस धरतात म्हणे. तसं सांगितलं तर म्हणाली, "हॉटेलचा तो गोरा जीएम तुला मासे धरायची काठी देऊन गेलाय ना? माळ्यावर धूळ खातेय. शुक्रवारी जात जा. कामावरून लवकर सुटलास तर मधल्या वारीही जा."

खायची इच्छा झाली हेच मोठं. आणीन. बोईटाच्या बापाला धरून आणीन.

१२ जानेवारी, शुक्रवार

काठीविषयी लिहायला हवं. आमचा जुना जीएम त्याच्या मुलुखात डोंगरातल्या नद्यांवर ट्राउट नावाचा मासा धरायचा. ह्या काठीत वजन गळाला नसतं, दोरीला असतं. दोरी पुढे-मागे झुलवायची आणि टोकाला दोऱ्याची खोटी माशी. माशीने मासा धरायचा! हॉटेलच्या लॉनवर त्याने मला शिकवलं होतं तेव्हा सगळे वेटर हसले होते.

आज मत्रहच्या समुद्रकाठी गेलो. कठड्यावर पाय ठेवायला जागा नाही. बंगाली, मल्याळी, फिलिपिनो, सगळे खांद्याला खांदा लावून. दोरी मागे झुलवली ती एका मल्याळ्याच्या टोपीत अडकली. त्याने जे ऐकवलं ते मला समजलं नाही, पण भावार्थ पोचला.

हात हलवत घरी आलो. जसिंता टोपीची गोष्ट ऐकून हसली. पोट धरून हसली.

१९ जानेवारी, शुक्रवार

जीएम म्हणायचा, मासा गोड्या पाण्यात बघ, वर डोंगरात. म्हणून कुरियातच्या रस्त्याने दैकाच्या वादीवर गेलो. जसिंताला पहिल्यांदा 'वादी' म्हटलं तेव्हा तिला आमची केळी-पानवेलीची वाडी वाटली होती. कोरड्या नदीचे धोंडे बघून म्हणाली होती, "ह्याला वाडी म्हणतात? मग वाळवंटाला काय म्हणतात?"

तर ह्या वादीला पाणी आहे, पण माणसंच जास्त. गाड्या, शेगड्या, टेपरेकॉर्डर, डोहात उड्या मारणारी पोरं. मासे होते, बोटाएवढे. माझ्या टाचांची कातडी खात होते. त्यांना धरायचं की त्यांनी मला?

परतताना गाडी तापली. रस्ता समुद्राजवळून जातो तिथे थांबलो आणि रेडिएटरला पाणी मिळतंय का बघायला खाली उतरलो. वाळलेल्या खजुरीच्या झाडांमागे वादीचं शेपूट येतं. समुद्राने तोंडावर वाळूचा बांध घातलाय, त्यामुळे आत पाणी साठलंय. हिरवट, दोन शेतांएवढं. वास मारतो. रस्त्यावरून गाड्यांची रांग वर पिकनिकला चाललेली, एकजण मान वळवत नाही. मीच कितीदा गेलोय इथून!

पाण्यावर गोल गोल वलयं उठत होती. बोईट! थवेच्या थवे, तोंडं वर काढून चुळुक चुळुक करत होते. गाडी थंड झाली तरी मी तिथेच उकिडवा बसून राहिलो.

जसिंताला सांगितलं. "बघ," म्हणाली, "आता तुला तिथं जायलाच हवं."

२६ जानेवारी, शुक्रवार

माशी तयार केली. हॉटेलच्या फाटक्या टर्किश टॉवेलचे धागे काढून गळाला गुंडाळले. भिजल्यावर हुबेहूब पावाचा तुकडा. खुबूस, म्हणजे इथला पाव, कुस्करून पाण्यावर टाकला, बोईटं वर आली, त्यांच्यात माझा टॉवेल टाकला. एकाने घेतला! काठी वाकली, मी ओरडलो आणि ओढलं. फुकट! बोईटाचं तोंड पापुद्र्यासारखं असतं, फाटून सुटलं. अशी तीन गेली. घाईच नडते माझी.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

धरलं!!! हातभर बोईट, पाठ काळीशार, पोट चांदीचं. ह्या वेळी ओढलं नाही, त्याला पळू दिलं, दमू दिलं. घरी येईपर्यंत खवले ओले होते.

जसिंता म्हणाली, "मीच करते." खतिजाबाईंना हाताशी घेऊन चिंच घालून कालवण केलं. मला म्हणाली, "तुझ्या अंगाला वास येतोय, आधी अंघोळ कर." अंघोळ करून येतो तर तिची ताटली रिकामी, काटेसुद्धा उचललेले. "कसं होतं?" विचारलं. म्हणाली, "आपल्या खाडीचं होतं."

अंघोळीनंतर परत न्हाणीत गेलो आणि नळ सोडून रडलो. आनंदाने.

१० फेब्रुवारी

आता आठवड्यातून दोनदा जातो. जसिंता धाडतेच. मी जरा वेळ पलंगाशी बसलो की, "भरती कधीची आहे? जा की."

तिच्यात फरक पडलाय. कपाटं आवरते. अँजेलाला डाळीला फोडणी द्यायला शिकवते. आपल्या बांगड्या काढून अँजेलाच्या हातात चढवल्या, म्हणाली, "माझ्या हातातून गळतायत, तू वापर." घर आवरायची हौस आली म्हणजे माणूस सुधारला, असं माझी आय म्हणायची.

खतिजाबाई जिन्यात भेटल्या. "भावजी, ह्या खेपेचं बोईट मातकट नव्हतं हां." जसिंताने एखादा तुकडा दिला असणार. देऊ दे, करतात बिचाऱ्या.

१५ फेब्रुवारी

आज डोकं सणकलं. जेवताना अँजेला म्हणते, "डॅडी, इफ आय ड्रॉप धिस इयर? एक्झाम नेक्स्ट इयर देते ना. आपण सगळे वसईला जाऊ या. नाऊ."

मी ताट सरकवलं. म्हटलं, "लाज वाटते का? आई मरणातून उठून तुला स्वयंपाक शिकवतेय आणि तुला अभ्यासाचा कंटाळा?" आणखीही बरंच बोललो. ती रडली नाही, माझ्याकडे नुसती बघत राहिली. बघवलं नाही मला.

जसिंता आतून भिंत धरत आली. चेहरा पांढराफटक. "अँजेला, तू परीक्षा दे. माझ्यासाठी दे. मी एकदम बरी आहे." पोरगी म्हणाली, "ओके मम्मी," आणि पुस्तक उघडून बसली.

२८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. फादर घरी येऊन जसिंताच्या कपाळाला राख लावून गेले. फार वेळ तिच्याशी दार लावून बोलले. बायकांची पापं काय एवढी असतात?

उद्यापासून पेपर.

९ मार्च, शुक्रवार

दोन बोईटं. आता माझा हात बसलाय. दोरी हवेत अशी उलगडते की जीएमने बघायला हवी होती. सकाळी पाण्यावर मी एकटा, आणि वरून पिकनिकवाल्यांची रांग. खरं सांगायचं तर मी सुखात आहे.

जसिंताचं पोट सुटलंय. मी चिडवलं, "बोईटं अंगाला लागली गो!" ती म्हणाली, "लागणारच." जिना मात्र चढवत नाही, दम लागतो. वजन वाढल्यावर लागायचाच.

१७ मार्च

हाताला पट्टी बांधलीय, अक्षर नीट येणार नाही.

लॉंड्रीत नवा इस्त्रीवाला आलाय, प्रताप, कोल्हापूरचा, चाळिशीचा. येऊन तीन दिवस झाले. त्याला हुसैनमियाँच्या जागी घेतलाय. म्हातारा गेल्या महिन्यात करार संपवून हैदराबादला गेला. प्रताप त्याच्या टेबलाशी उभा राहून म्हणाला, "साहेब, इथले आधीचे चाचा कुठं असतात?"

मी म्हटलं, "हुसैनमियाँ? खलास."

त्याने इस्त्री खाली ठेवली. टोपी काढली. "अरेरे! कशानं गेले?"

मी खो खो हसलो. सगळ्यांना हाक मारून सांगितलं. त्याला म्हटलं, "बाबा रे, मेला नाही तो! इथे खलास म्हणजे काम पुरं झालं, आता घरी जा."

तो ओशाळून हसला. म्हणाला, "आमच्याकडं खलास म्हणजे माणूस संपला, साहेब."

आमच्याकडे. आमच्याकडेही तेच. वसईलाही तेच.

हसता हसता माझं तोंड तसंच उघडं राहिलं. नो मोअर इंजेक्शन. टेक हर होम. जे खावंसं वाटेल ते. जसिंता अठरा वर्षं इथे राहिली पण घरातच राहिली. तिला इथला खलास माहीतच नाही. तिने आपलाच ऐकला.

मी वाफेच्या मशीनला धरून उभा राहिलो. तळहात भाजला तेव्हा कळलं.

१८ मार्च

डॉक्टरांकडे एकटा गेलो. ते म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं, तिला घरी न्या. होम. इंडिया. तेव्हा ती विमानात बसू शकत होती. तुमच्या मिसेस म्हणाल्या, मी समजावते."

मी म्हटलं, "मला वाटलं, होम म्हणजे वादी अदाई."

"आता नेतो," म्हटलं. त्यांनी मान हलवली. पोटात पाणी भरलंय, छातीतही चढतंय. विमानात नेता येणार नाही, तसं सर्टिफिकेट ते देणार नाहीत. किती दिवस, ते मी विचारलं नाही. 

पोटात पाणी. आणि मी म्हणालो, बोईटं लागली. माझ्या जिभेला काय झालं होतं! गाढव आहे मी, अठरा वर्षांचा गल्फ रिटर्न गाढव.

१९ मार्च

अँजेला पेपरला गेल्यावर जसिंतापाशी बसलो. काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "कळलं तुला."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तुझं तोंड बघितलं मी त्या दिवशी. हलवा वाटत फिरलास. आणि तुला कळलं असतं तर अँजेलाला संध्याकाळपर्यंत कळलं असतं. तुझ्या पोटात काय राहतं? पोरीचं वर्ष गेलं असतं, आल्बर्ट. दहावीचं. मी म्हटलं, पेपर होऊ दे, मग तिघं जाऊ. मार्चपर्यंत टिकेन असं वाटलं."

"आणि बोईट?"

"तू घरात बसून माझ्याकडे बघत राहिला असतास. कधीतरी कळलंच असतं. बाहेर पाठवायला काहीतरी पाहिजे होतं." मग जरा हसली. "मला वाटलं गळाला बोईट लागतच नाही, वर्षभर शोधत बसशील. तू तीन आठवड्यांत आणलंस! मला घास गिळत नव्हता रे. खतिजाकडं जायचं सगळं."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय सुजलेत, बोट दाबलं की खड्डा पडतो. म्हटलं, "गावाला न्यायला हवं होतं तुला."

"हवं होतं," ती म्हणाली. "तिथं आय आहे माझी. तिथली माती आहे. इथलं दफन मला नको होतं."  मग माझी मनगटं धरली. "आता पेपर संपेपर्यंत तोंड मिटून राहा. एवढं तरी कर. नाहीतर मी उगाच थांबले असं होईल."

केलं कबूल.

२३ मार्च, शुक्रवार

तिने आजही पाठवलं. अँजेला घरी अभ्यासाला बसलेली, माझं तोंड दिसायला नको म्हणून. गेलो. काठी गाडीतून काढलीच नाही. बोईटं चुळुक चुळुक करत होती. मी धोंडे उचलून पाण्यात मारले, दोन्ही हातांनी, खांदे दुखेपर्यंत. ती खाली गेली आणि जरा वेळाने परत वर आली. ह्या पाण्याचा मला किती अभिमान होता! जानेवारीतल्या एका शुक्रवारी तिला विमानात बसवलं असतं तर ती आज आयच्या पडवीत झोपली असती.

वरून गाड्या जात होत्या. एकाने थांबून विचारलं, "भाई, पिकनिक स्पॉट और कितना दूर?" मी सांगितलं.

२६ मार्च

जसिंता आता उशांना टेकून बसते, आडवं होता येत नाही. खतिजाबाई खाली जातच नाहीत. अँजेलाला सांगितलंय, मम्मीला खोकला झालाय.

२८ मार्च

आज शेवटचा पेपर. रजा टाकून मी घुब्र्याला शाळेच्या फाटकाशी गेलो. मनात जुळवत होतो, कसं सांगू, कुठून सुरू करू. पोरं आरडाओरडा करत, शाई उडवत बाहेर पडली. अँजेला सगळ्यांत शेवटी आली. गाडीत बसली. पट्टा लावला.

मी म्हटलं, "बाय, मम्मीविषयी तुला एक सांगायचंय."

"आय नो, डॅडी."

"काय नो?"

"मम्मी इज डाइंग. मला माहीत आहे. सिन्स जानेवारी. यू केम होम विथ दॅट हलवा आणि खतिजा आंटी रडल्या. मी आंटींना विचारलं." ती समोरच्या काचेकडे बघत होती. तिचं मराठी अडखळत येतं, पण आज तिने एकेक शब्द शोधून आणला. "मम्मीला वाटत होतं मला माहीत नाही. ती इतकी... खूश होती, मला माहीत नाही म्हणून. सो मी काही बोलली नाही. मी तुम्हाला बोलली ना, नेक्स्ट इयर देते. वसईला जाऊ या, बोलली ना मी?"

बोलली होती. मी ताट सरकवलं होतं.

"पेपर कसे गेले?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक, दुसरं काही सुचलं नाही.

"मॅथ्समध्ये दोन क्वेश्चन्स लिहिले. मग मी नुसती बसली. सायन्स पण तसंच. आय विल फेल, डॅडी." आणि मग ती रडली. तीन महिन्यांचं रडली. लहानपणी खरचटल्यावर रडायची तसं, तोंड उघडं टाकून. मीही रडलो. मागची स्कूल बस हॉर्न मारत राहिली.

 बिल्डिंगखाली आल्यावर तिने आरशात तोंड पुसलं, केस बांधले. म्हणाली, "मम्मीला नाही सांगायचं. दोन्ही नाही सांगायचं."

वर गेलो. जसिंता दाराकडे डोळे लावून बसली होती. बोलायला दम पुरत नाही, तरी म्हणाली, "कसे गेले गो?"

"खूप छान, मम्मी. सगळे छान गेले." अँजेला तिच्या कुशीत शिरली आणि तोंड लपवलं.

जसिंताने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. किती महिन्यांनी असा चेहरा बघितला तिचा, लग्नातल्यासारखा. एक हात माझ्याकडे केला. जवळ गेलो तशी कानाशी म्हणाली, "बघ. कळू दिलं नाही ना तिला? वर्ष वाचलं पोरीचं."

मी म्हटलं, "हो. तूच वाचवलंस."